घुबडाचा पत्ता

दिवाळी अंकात घुबडाविषयी लिहावे की लिहू नये, यावर आमच्या घरात थोडी चर्चा झाली. चकलीच्या ताटाशेजारी उघडला जाणारा हा अंक. त्यात घुबड कशाला, असे सौभाग्यवतींचे म्हणणे. माझे म्हणणे असे की, जिची आपण पूजा मांडतो त्या लक्ष्मीचे वाहन दारातून हाकलून द्यायचे आणि तिला एकटीला तेवढी आत बोलवायची, हा व्यवहार बरा नव्हे. शेवटी लेख लिहावा, पण त्यात रडगाणे नसावे, अशी तडजोड झाली. रडगाणे नाही. भांडण आहे, आणि तेही भाऊबंदांशी. दिवाळीला सगळे भाऊबंद एकत्र येतात, तेव्हा भांडणालाही हाच मुहूर्त बरा.

माझे भाऊबंद म्हणजे पक्षी पाहणारे लोक. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि खडू हातात धरला, तो आजतागायत सोडलेला नाही. मधल्या काळात तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्या वाचणारांची संख्या आमच्या शाळेच्या पटापेक्षा थोडी कमीच भरेल. पाखरांचा नाद मात्र कादंबरीने लावला नाही, फळ्याने लावला. एकदा फळ्यावर चिमणा-चिमणी काढून दाखवीत होतो. पाचवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, चिमण्याच्या गळ्याखाली काळं असतंय ना? तुमच्या चिमण्याला का न्हाई?" चिमण्याच्या गळ्याखाली काळा डाग असतो, ही गोष्ट वयाच्या पंचविसाव्या वर्षी मला दहा वर्षांच्या पोरीकडून कळली. त्या दिवशी लाज वाटली आणि दुसऱ्या दिवसापासून मी पाहू लागलो.

पाहू लागल्यावर कळले, की ज्याला सगळे उघडाबोडका, दुष्काळी जिल्हा म्हणतात तो रिकामा मुळीच नाही. बालाघाटाच्या उतारावरचे कुसळी गवत, वाशी-भूमकडची राने, परंड्याकडे उतरत जाणारा माळ, तेरणा, बोरी आणि सीना या नद्यांवरचे तलाव, येडशीच्या रामलिंगाचे जेमतेम बावीस चौरस किलोमीटरांचे अभयारण्य. या सगळ्यांत हिवाळा लागला की पाहुणे उतरतात. मध्य आशियातून भोवत्ये ससाण्यासारखे तिरके तिरके उडत येतात आणि आमच्या माळावरचे नाकतोडे खाऊन राहतात. मातीच्या रंगाचा धाविक पाच पावले पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. पखुर्ड्यांचा थवा सकाळी ठरल्या वेळी पाण्यावर येतो. यांतले एकही पाखरू पाठ्यपुस्तकात नाही, आणि दुष्काळाच्या सरकारी पाहणीतही नाही.

असे पाहणारे पूर्वी जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आता पुष्कळ आहेत, आणि त्याचा मला आनंदच आहे. सोलापूरचे सुपुत्र मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या १२ नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंत महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह साजरा होतो. दिवाळीच्या आगेमागेच तो येतो. शाळांतून निबंध होतात, तलावांवर सकाळी मुले नेली जातात. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांनी आमच्यासारख्या मास्तरांना मराठीतून पाखरांची नावे दिली, हे ऋण फिटणारे नाही. डॉक्टर, वकील, बँकेतले कारकून, शेतकऱ्यांची शिकलेली पोरे अशी सगळी मंडळी आता दुर्बिणी घेऊन हिंडतात आणि काय दिसले ते मोबाइलवर एकमेकांना कळवतात. माझे भांडण इथेच सुरू होते.

पूर्वी कोणी पाखरू दिसल्याचे सांगितले की आम्ही विचारीत असू, "काय करीत होते?" आता पहिला प्रश्न येतो, "लोकेशन पाठवा." पाखरू काय खात होते, एकटे होते की जोडीने, कुठून आले असेल, याची चौकशी मागाहून, बहुधा नाहीच. आधी ठावठिकाणा. आणि ठावठिकाणा मिळाला, की रविवारी गाडी निघते. एखाद्याला आयुष्यात प्रथमच दिसलेल्या पाखराला ही मंडळी 'लायफर' म्हणतात. माझे दोनशे झाले, तुमचे किती, अशी विचारपूस चालते. साहेबाच्या राज्यात शिकारी लोक भिंतीवर शिंगे टांगीत. आता यादी टांगतात. शिंगांपेक्षा यादी बरी, हे मी मान्य करतो. पण भूक तीच आहे, हे त्यांनीही मान्य करावे.

आता माझाच गुन्हा सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती. एका गावाच्या शिवारात एक जुनी घळ आहे. गाव कोणते ते सांगणार नाही. का सांगणार नाही ते पुढे कळेल. त्या घळीच्या मातीच्या कपारीत मला शृंगी घुबडाचे घर दिसले. घर म्हणणे चुकीचेच. हे घुबड काटकी गोळा करीत नाही, गवत अंथरीत नाही. कड्याच्या किंवा ओघळीच्या आडोशाला उघड्या मातीवर अंडी घालते आणि त्यांवर बसून राहते. हातभर उंचीचा पक्षी, डोक्यावर पिसांची दोन शिंगे, पिकल्या मोसंबीच्या रंगाचे डोळे. मादीच्या पोटाखालून दोन पांढऱ्या लोकरीचे गोळे डोके काढून पाहत होते. मी घळीच्या पलीकडच्या काठावर पालथा पडून तासभर पाहत राहिलो. पेन्सिलीने दोन चित्रे काढली. आणि मग, वाचकहो, मी खिशातून मोबाइल काढला.

दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावून फोटो घेतला आणि आमच्या ग्रुपवर टाकला. तीस-पस्तीस माणसांचा ग्रुप, सगळी ओळखीची, सगळी सज्जन. दोन मिनिटांत विचारणा आली, "कुठे?" मी गावाचे नाव लिहिले. तेवढ्याने भागले नाही म्हणून देवळामागची घळ, असेही लिहिले. का लिहिले? पुष्कळ दिवस विचार केला. उत्तर एकच निघते: मला मोठेपणा हवा होता. तीन कादंबऱ्यांनी जो मिळाला नाही तो एका घुबडाने तासाभरात दिला. अकरा अंगठे वर झाले.

तिसऱ्या दिवशी त्या शिवारात मेंढरे चारणारे एक वृद्ध धनगर आहेत, त्यांचा फोन आला. मी त्यांना आबा म्हणतो. "मास्तर, तुमचं पाव्हणं आल्यात," ते म्हणाले. मी कोणालाच बोलावले नव्हते. दोन गाड्या दुसऱ्या जिल्ह्यातून आल्या होत्या. आमच्या ग्रुपमधला पत्ता पुढे पुढे सरकत तिथपर्यंत पोचला होता. ज्वारीच्या हुरड्याचे दिवस, तेव्हा हुरडाही झाला आणि घुबडही झाले. कपारीवर बाभळीची एक फांदी आडवी आली होती. ती फोटोच्या आड येते म्हणून तोडली. मादी उडत नव्हती, उडतानाचा फोटो हवा होता, म्हणून खडे मारले. अंधार पडल्यावर बॅटरीच्या उजेडात पुन्हा फोटो काढले. हे सारे आबांनी बांधावर बसून पाहिले. शहरातले शिकलेले लोक करतात म्हणजे त्यात काही शास्त्र असेल, असे त्यांना वाटले.

मी शाळा सुटल्यावर गेलो तो पाचव्या दिवशी. ज्या फांदीची सावली पडत होती ती नव्हती. एक पिल्लू कपारीखाली मरून पडले होते, त्याला मुंग्या लागल्या होत्या. दुसरे नव्हतेच. कुत्र्याने नेले, मुंगसाने नेले की माणसाने नेले, ते मला आजही ठाऊक नाही. मादी समोरच्या लिंबावर बसून माझ्याकडे पाहत होती. तिच्या लेखी मी आणि ते खडे मारणारे यांत काही फरक असेल, असे मला वाटत नाही. त्या वेळी काढलेल्या फोटोंपैकी एक मी पुढे एका कॅलेंडरवर पाहिला. फोटो उत्तम होता.

आबा एवढेच म्हणाले, "मी सात वर्सं झालं बगायलोय त्या जोडीला. कुणाला सांगितलं न्हाई. सांगून काय करायचं हुतं?"

घळीच्या खालचे रान ज्यांचे आहे ते शेतकरी मात्र इतके सौम्य नव्हते. त्यांना ते घुबड तिथे आहे हे माहीत होते, आवडत मुळीच नव्हते. अशुभ पाखरू, पण हाकलायचेही धाडस नव्हते. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेऊन पाण्यात टाकते, आणि दगड जसजसा झिजेल तसतसा मारणारा झिजत जातो, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. त्या भीतीने त्यांनी ते पाखरू इतकी वर्षे सहन केले. भाबडी समजूत खरी, पण हुरडा खायला आलेल्यांना ती असती तर खडे मारले गेले नसते. मी त्यांच्या बांधावर बसून सांगितले, की हे घुबड तुमचे उंदीर खाते. पुण्याच्या इला फाउंडेशनच्या डॉ. सतीश पांडे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या याच घुबडांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. त्यांनी ओकून टाकलेल्या हाडा-केसांच्या गोळ्या फोडून पाहिल्या, तेव्हा शेतातल्या उंदीर-घुशींचा भरणा त्यांत मोठा निघाला. शेतकऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्या वर्षी त्यांची ज्वारी उंदरांनी बरीच नासली होती. मग ते म्हणाले, "हे आदी सांगायचं की सर. पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं, आन बांधाच्या माणसाला न्हाई व्हय?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि माझ्या भाऊबंदांपाशीही नाही. बातमी तासाभरात दोनशे किलोमीटर गेली, आणि दोनशे पावलांवरच्या माणसाला पोचली नाही. ज्याच्या हाती त्या पिल्लांचे बरेवाईट होते तोच तेवढा अंधारात राहिला. आमच्या सगळ्या देवाणघेवाणीचा प्रवाह हा असा उलटा आहे, एवढे एकच मला सांगायचे आहे. पण एक सांगायला गेले की दहा आक्षेप येतात. तेव्हा त्यांचाही समाचार घेऊ.

पहिला आक्षेप शास्त्राचा. "मास्तर, तुम्ही पत्ते लपवायला सांगता. मग शास्त्र कसे चालायचे? कुठे, केव्हा, काय दिसले, हे लिहिलेच नाही तर उद्याच्या अभ्यासकाने काय करावे?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या खानदेशात आहे.

रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. १८७३ साली ह्यूमसाहेबाने त्याचे प्रथम वर्णन केले. १८८४ पर्यंत त्याचे मोजके नमुने मिळाले, त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केलेले. मग ते पाखरू नाहीसे झाले. १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळालेला म्हणून एक नमुना तेवढा संग्रहालयात होता. तो रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या एका बड्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दिलेला. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा उघडकीस आले, की हा सारा बनाव. या गृहस्थाने डेव्हिडसनचाच एक जुना नमुना ब्रिटिश म्युझियममधून लांबवला, त्याची शिवण उसवून तो नव्याने भरला आणि त्याला खोटी चिठ्ठी बांधली. गावाचे नाव खोटे, साल खोटे. मी कादंबरीकार आहे. गावांची नावे बदलणे हा माझा धंदा आहे. पण तो धंदा कादंबरीत करावा, नोंदवहीत नव्हे. खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन आणि तिचे दोन सहकारी जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे शोधीत निघाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळच्या रानात, दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी.

यातून माझे भाऊबंद म्हणतील, पाहा, पत्ता लिहिला होता म्हणून पाखरू सापडले! अगदी बरोबर. म्हणूनच तर मी म्हणतो, लिहा. खरे लिहा, तारीख-वारासह लिहा. डेव्हिडसनने चिठ्ठी लिहिली ती नमुन्याच्या पायाला बांधली, दवंडी पिटली नाही. एकशे तेरा वर्षांनी उपयोगी पडणारी गोष्ट चार महिने वहीत थांबली तर शास्त्राचे काय बिघडते? पिल्ले उडून जाऊ द्या, मग सांगा. पक्षिनोंदींच्या ज्या जागतिक वह्या आता संगणकावर चालतात, त्यांतसुद्धा धोक्यातल्या काही जातींचे नेमके ठिकाण सर्वांना दाखवीत नाहीत. नोंद पोटात ठेवतात, पत्ता झाकतात. म्हणजे शास्त्राला घाई नाही. घाई आहे ती अंगठ्यांना. माझ्याही होती, हे वर सांगितलेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा. "लोकांनी पाहिलेच नाही तर त्यांना प्रेम कसे वाटणार? प्रेम वाटले नाही तर राखणार कोण?" हे वाक्य सभेत टाळ्या घेते. पण प्रेम लागायला दुर्मिळच पाखरू का लागते? मी मुलांना तळ्यावर नेतो, बगळे दाखवतो, वेड्या राघूने उडता उडता माशी कशी टिपली ते दाखवतो. मैना दाखवतो. एवढ्याने ज्याचे मन भरत नाही त्याचे माळढोकाने भरणार नाही. तो दुसऱ्या दिवशी तणमोर मागेल. आणि सांगायलाच हवे असे पुष्कळ आहे की! तलावावर रोहित उतरले तर खुशाल चार गावांना सांगा. त्यांना सगळे पाणी मोकळे आहे, माणूस दिसला की पलीकडच्या काठाला जातील. घरट्यावर बसलेल्या मादीला पलीकडचा काठ नसतो. एवढा विवेक करायला पदवी लागत नाही. मॅट्रिकवाल्याला समजतो.

माळढोकाचे नाव निघाले म्हणून सांगतो. आमच्या जिल्ह्याला लागूनच सोलापूर जिल्हा, आणि त्यातले नान्नज. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले ते कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे! सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावेच्या गावे त्यात आली, शेते आली, बाजारपेठा आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले. पुढे ते कमी करीत करीत सव्वा हजारांच्या आसपास आणले. पण मधल्या काळात किती तरी शेतकऱ्यांच्या मनात माळढोक म्हणजे आपली जमीन अडवणारे पाखरू, असे समीकरण पक्के झाले. तिथेही पक्ष्याची कीर्ती दूरदूर गेली, पाहुणे लांबून आले, आणि बांधावरच्या माणसाशी मनमोकळे बोलणे झाले ते फार थोडे आणि फार उशिरा. माळढोकाची मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालते. ज्याचा नांगर, ज्याची मेंढरे, ज्याचे कुत्रे त्या अंड्याजवळून जाणार, त्याच्याकडे सरकारी कागद गेला, माणूस गेला नाही. आज साऱ्या देशात दीडशेसुद्धा माळढोक रानात उरलेले नाहीत, आणि आहेत ते बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर त्याची बातमी होते. या ऱ्हासाला कारणे अनेक आहेत. माळ फुटले, पिके बदलली, विजेच्या तारा आल्या. सगळे खापर एका गोष्टीवर फोडण्याचा माझा हेतू नाही. पण ज्याच्या दारात पक्षी आहे त्याला सोडून जगाला सांगितल्याने पक्षी वाचत नाही, एवढे नान्नजने दाखवून दिले आहे.

फोटोग्राफर मंडळी माझ्यावर विशेष रागावतील. रागवावे. त्यांच्यातही काट्यात चार-चार तास निश्चल बसणारे ऋषी मला माहीत आहेत; हा लेख त्यांच्यासाठी नाही. बाकीच्यांना इतकेच कळवतो, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे तीत रानपाखरांची अंडी फोडणे तर येतेच, पण अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणे हेसुद्धा येते. म्हणजे बंदूक न उचलताही माणूस शिकारी होतो. त्या दिवशी घळीवर जे झाले ती कायद्याच्या भाषेत शिकार होती, आणि शिकाऱ्यांना वाट दाखवणारा मी होतो. आमच्याकडे हाके घालणाऱ्यांना हाकारे म्हणतात. मी हाकाऱ्या.

आणि आता दिवाळीचे. ट्रॅफिक इंडिया या संस्थेने २०१० साली आपल्या देशातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दिसले, की तंत्रमंत्र, करणी, बळी यांसाठी घुबडे पकडली जातात आणि दिवाळीच्या सुमारास हा बाजार वाढतो. लक्ष्मी यावी म्हणून तिच्या वाहनाचा बळी! या तर्काला काय म्हणावे? पण तो बाजार करणाराच्या खिशातही मोबाइल आहे. त्याला रानात हिंडायचे श्रम होते, ते आम्ही वाचवतो. "चोराला ठाऊक असतेच," असे एक गृहस्थ मला म्हणाले. असेलही. म्हणून आपण त्याला किल्ली नेऊन द्यावी काय? हे गृहस्थ दिवाळीला गावी जाताना घराला दोन कुलुपे लावतात.

वाघाचे उदाहरण पाहा. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चारशेहून अधिक किलोमीटर चालून आमच्या येडशी-रामलिंगाच्या रानात आला. साऱ्या जिल्ह्यात चर्चा. पण तो नेमका कोणत्या ओढ्यात बसतो त्याचा पत्ता पाठवा, मला रविवारी फोटो काढायचा आहे, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा मात्र 'बांधावरच्या माणसाला आधी सांगा, जनावरे सांभाळायला सांगा' हे सर्वांना पटले. दात मोठे असले की आमचा विवेक जागा होतो. घुबडाचे पिल्लू चावत नाही, एवढाच त्याचा अपराध.

सर्वांत टोकदार आक्षेप शेवटी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. "तुम्ही पाहून घेतलेत, चित्रे काढलीत, आणि आता दार लावून घेता. ही नवी सोवळेशाहीच नव्हे काय?" आहे, ती शक्यता आहे. काही जुन्या पक्षिमित्रांनी पत्त्यांची अशी सोवळी केली आहेत खरी. चार जणांत कुजबुज, पाचव्याला हूं की चूं नाही, आणि पाखराची जागा म्हणजे जणू घराण्याची तिजोरी. मला ते मुळीच मान्य नाही. पण सोवळे मोडायचे तर खऱ्या अर्थाने मोडा. ज्याला आधी कळायला हवे तो शहरातला पाचवा पक्षिमित्र नव्हे. मेंढरे चारणारे आबा, बांधाचे धनी, गावातल्या शाळेची पोरे. त्यांना वगळून चाललेली आमची 'मोकळी देवाणघेवाण' हेच मोठे सोवळे आहे.

आपल्याकडे पाखरांच्या बातम्या पूर्वीही फिरत. टिटवीने अंडी ओढ्याच्या पात्रात घातली की उंचवट्यावर, यावरून पाऊसपाण्याचा अंदाज गावभर होई. खरा ठरे की खोटा, ते सोडा. पण ती बातमी गावाची होती, गावासाठी होती, आणि शिवेपाशी थांबे. पहाटे पिंगळा जोशी येई तोही पाखराची भाषा घेऊन घराघराच्या दाराशीच येई. बातमीचे तोंड घराकडे होते.

आणि हे आजही करता येते. पुणे जिल्ह्यात जेजुरीजवळ पिंगोरी नावाचे खेडे आहे. तिथे २०१८ साली इला फाउंडेशनने घुबडांचा महोत्सव भरवला. मुलांनी घुबडांची चित्रे काढली, मुखवटे केले, गावकऱ्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले. अशुभ म्हणून ज्याच्या नावाने थुंकायचे त्याची जत्रा! मी चित्रकलेचा मास्तर. ते ऐकून मला काय करायचे ते सुचले. त्या घळीच्या गावातल्या शाळेच्या मास्तरांना भेटलो आणि दोन शनिवार मागून घेतले. मुलांना घुबडाने ओकलेल्या गोळ्या दिल्या. त्यांनी चिमट्याने फोडून उंदरांच्या कवट्या मोजल्या, दात मोजले, कागदावर काढले. एका पोराने घरी जाऊन आपल्या आजोबांना हिशेब ऐकवला, की ही जोडी नसती तर आपल्या कणगीचे काय झाले असते. हिशेब थोडा फुगवलेला होता. मी दुरुस्त केला नाही.

त्या वर्षी घुबडे त्या कपारीत बसली नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

गेल्या हिवाळ्यात मी सहज त्या शिवारात गेलो होतो. ज्वारी कंबरेला लागत होती. शेतकरी बांधावर भेटले, चहा झाला, मुलीच्या लग्नाचे बोलणे झाले. संध्याकाळ होत आली तेव्हा लांबून, डोंगराच्या बाजूने, तो खोल घुमणारा आवाज आला. एकदा, मग थोड्या वेळाने उत्तरादाखल दुसरा. जोडी होती. मी उठून उभा राहिलो.

"हायत व्हय?" मी त्यांच्याच भाषेत विचारले.

"हायत की. पिल्लं बी झाल्यात. तीन."

"कुठं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिले. तिथे मोबाइल होता.

"सर," ते म्हणाले, "अंधार पडायलाय. तुमची यष्टी जाईल."